मजकुराचं चित्र काढायचं तर आधी शब्द निवडा: बहात्तरच्या आठवणींचं पोस्टर करताना

पहिलं चित्र तयार झालं तेव्हा त्यात सगळ्यात मोठा शब्द होता ‘मंग’. त्याखालोखाल ‘होतं’, ‘आणि’, ‘तव्हा’. अंबाजोगाईजवळच्या आमच्या गावच्या वाचनालयात आम्ही मुलांना त्यांच्या आजी-आजोबांकडं पाठवलं होतं. बहात्तरच्या दुष्काळाच्या आठवणी मोबाइलवर रेकॉर्ड केल्या, त्या टाइप करून घेतल्या आणि त्या सगळ्या मजकुराचं एक शब्दचित्र भिंतीवर लावायचं ठरवलं. पण सुकडी, म्हणजे दुष्काळात वाटलेलं कोरडं खाणं, कुठं होती? मिलो, म्हणजे तेव्हा बाहेरून आलेली तांबडी ज्वारी, कुठं होती? खडी फोडायला गेलेल्या बायांच्या तोंडचे शब्द कुठं होते? मजकुरात सगळं होतं, चित्रात काहीच नव्हतं.

पुढचे काही आठवडे आम्ही हेच काम करत बसलो. त्यातून जे हाताला लागलं ते इथं क्रमानं सांगतो. शाळेतल्या निबंधांचं, ग्रामसभेच्या इतिवृत्तांचं, ओव्यांचं किंवा अभंगांचं चित्र काढायचं असलं तरी हीच वाट उपयोगी पडेल. साधनं ऑनलाइन आहेत आणि बहुतेक फुकट आहेत. मोबाइलवरही चालतात, पण संगणक मिळाला तर काम निम्म्या वेळात होतं.

एक गोष्ट आधीच सांगतो. इंग्रजी मजकूर साधनात ओतला की बऱ्यापैकी चित्र निघतं. मराठी मजकूर तसा ओतला की चित्र फसवं निघतं. दळणाआधी धान्य निवडावं, पाखडावं लागतं, तसंच इथं शब्दांचं आहे. म्हणून या लेखात साधनांपेक्षा पाखडण्यालाच जास्त जागा दिली आहे.

काय बघायचंय ते आधी ठरवा

‘छान चित्र हवं’ एवढ्यावर काम सुरू करू नका. कोणते शब्द वारंवार येतात ते बघायचं असेल तर शब्दढग (जास्त वेळा येणारा शब्द मोठा दाखवणारं चित्र) किंवा साधा पट्ट्यांचा आलेख पुरतो. एखादा शब्द मजकुरात कुठं येतो आणि कुठं गायब होतो हे बघायचं असेल तर रेषांचा आलेख लागतो. एखादा शब्द कोणत्या वाक्यात, कशाच्या शेजारी बसतो हे बघायचं असेल तर संदर्भयादी किंवा शब्दांचं झाड. आम्हाला खरं तर तिसरी गोष्ट हवी होती आणि आम्ही पहिलीच करत बसलो होतो.

मजकूर डोळ्यांपुढं पसरून मांडायची हौस आपल्याकडं नवी नाही. अंबाजोगाईच्या संतकवी दासोपंतांनी सोळाव्या-सतराव्या शतकात पंचीकरणासारखा, म्हणजे पंचमहाभूतांपासून सृष्टी कशी होते हा, अवघड विषय कागदावर न लिहिता लांबलचक कापडावर लिहिला. ती पासोडी प्रसिद्धच आहे. पोस्टरचं काम करताना मला तिची फार आठवण येत होती.

मजकूर गोळा करणं

रेकॉर्डिंग असेल तर ते ऐकत ऐकत स्वतः बोलून टाइप करणं सगळ्यात सोपं. गुगल डॉक्सच्या व्हॉइस टायपिंगमध्ये मराठी आहे. एका कानात आजीचा आवाज ठेवायचा आणि तेच वाक्य आपण सावकाश बोलायचं. रेकॉर्डिंग थेट स्पीकरवरून ऐकवू नका, बोलीतले शब्द भलतेच उमटतात. छापील पान असेल तर त्याचा स्वच्छ फोटो गुगल ड्राइव्हवर चढवून तो गुगल डॉक्समध्ये उघडा, अक्षरं मजकूर होऊन येतात. हस्तलिखित मात्र हातानंच टाइप करावं.

जुन्या डीटीपी, म्हणजे छपाईसाठी संगणकावर जुळवलेल्या, फाइलींबद्दल सावध राहा. स्मरणिका आणि गावची माहितीपुस्तकं कितीतरी वर्षं श्रीलिपी, आकृती, कृतिदेव अशा फॉन्टांत टाइप झाली. ती फाइल पडद्यावर मराठी दिसते, पण आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात. ती आधी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या साधनांना कळणाऱ्या अक्षरपद्धतीत, बदलून घ्या, त्यासाठी ऑनलाइन कन्व्हर्टर मिळतात. बदल झाल्यावर एक पान मूळ छापील प्रतीशी ताडून बघाच.

नुसता सराव करायचा असेल तर मराठी विकिस्रोतावर संतसाहित्य आहे. गंगाखेडच्या जनाबाईंचे आणि नरसीच्या नामदेवांचे अभंग शेजारी ठेवून बघण्यात मजा आहे. जात्यावरच्या ओव्यांचा मोठा साठा ‘पारी’ या संकेतस्थळावर आहे. मूळ प्रकल्प हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी उभा केला आणि त्यात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत. त्यात आपल्या माजलगावच्या बायांनी गायलेल्या ओव्याही आहेत.

तीन शब्दांची परीक्षा

कोणतंही नवं साधन हाती आलं की त्यात आधी फक्त हे तीन शब्द टाका: शेतकऱ्यांच्या, विद्यार्थ्यांनी, क्षेत्र. शब्द अखंड बाहेर आले तर पुढं चला. ‘श तकर’ असे तुकडे पडले, मात्रा गळाल्या किंवा काना वेगळा पडून त्याच्याशेजारी ठिपक्यांचं वर्तुळ दिसलं तर ते साधन सोडून द्या.

कारण समजून घेतलं तर पुढं गोंधळ होत नाही. शब्द कुठं सुरू होतो आणि कुठं संपतो हे साधन अक्षरांवरून ठरवतं. देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्त ही संगणकाच्या हिशेबात अक्षरं नाहीत, अक्षरांना जोडलेली चिन्हं आहेत. ज्या साधनाच्या कर्त्यानं या चिन्हांचा विचार केला नाही, त्याला मात्रा दिसली की शब्द संपला असं वाटतं.

निवडणं आणि पाखडणं

मूळ मजकुराची एक प्रत जशीच्या तशी बाजूला ठेवा आणि तिला हात लावू नका. दुसरी प्रत मोजणीसाठी. खालचे सगळे बदल या दुसऱ्या प्रतीतच करायचे.

आता एक छोटा उतारा घेऊ. मोजून बघता यावा म्हणून मी तो मुद्दाम लहान लिहिला आहे:

आमच्या गावाला पाणी टँकरनं येतं. टँकर आला की सगळे पाण्यासाठी धावतात. आई पाण्याच्या रांगेत थांबते. मी शाळेतून आलो की पाण्याला जातो. विहिरीत पाणी नाही. यंदा पाऊस आला तर विहिरीला पाणी येईल.

हे एकतीस शब्द आहेत. साधनाला दिले तर त्याचं उत्तर असं येईल: पाणी ३, की २, आला २ आणि बाकी सगळे एकेकदा. म्हणजे ‘की’ हा शब्द टँकरपेक्षा मोठा दिसणार, आणि विहीर तर चित्रात कोपऱ्यात दोन बारीक तुकड्यांत पडणार.

पण माणसानं वाचलं तर या उताऱ्यात पाणी सहा वेळा आलंय. पाणी तीनदा आणि पाण्यासाठी, पाण्याच्या, पाण्याला एकेकदा. टँकर दोनदा, विहीर दोनदा. मराठीत शब्दाला विभक्ती लागली की तो आतून बदलतो: पाणीचा पाण्या होतो, विहीरचा विहिरी होतो. साधनाला हे सगळे वेगवेगळे शब्द वाटतात. म्हणून महत्त्वाच्या शब्दांची रूपं मूळ शब्दावर आणावी लागतात. सगळ्या शब्दांची नाही, नाहीतर जन्म जाईल. मजकूर दोनदा वाचा, विषयाचे पंधरा-वीस शब्द कागदावर उतरवा आणि तेवढ्यांचीच रूपं फाइंड-रिप्लेसनं बदला.

इथं एक चूक हमखास होते. नुसतं ‘रिप्लेस ऑल’ दाबलं की शब्दाच्या पोटातली अक्षरंही बदलतात. आमच्या एका मुलीनं ‘तर’ काढून टाकायला सांगितला आणि सगळ्या मजकुरातल्या ‘बहात्तर’चं ‘बहात्’ झालं. ‘मी’ काढला तर ‘कमी’चा ‘क’ उरतो. वर्डमध्ये ‘पूर्ण शब्दच शोधा’ असा पर्याय आहे, तो चालू करा. तो पर्याय नसेल तर शोधायच्या शब्दाच्या आधी आणि नंतर एकेक मोकळी जागा द्या. लांब रूप आधी बदला, आखूड नंतर.

दुसरी अडचण डोळ्यांना दिसतच नाही. ‘चाऱ्याला’ आणि ‘चार्‍याला’ हे दोन शब्द बघा. वाचताना एकच, पण टायपिंग वेगळं. एकात नुक्त्याचा ऱ वापरलाय, दुसऱ्यात साधा र आणि त्याच्यामागं एक न दिसणारं जोडचिन्ह आहे. कोणता कळफलक वापरला त्यावर हे ठरतं. पाच मुलांनी पाच मोबाइलवर टाइप केलं की शेतकरी, चारा, वारा, दुसरा या सगळ्या शब्दांची अशी दोन-दोन रूपं तयार होतात आणि मोजणी फाटते. उपाय सोपा आहे. मजकुरातलंच दुसऱ्या पद्धतीचं ‘र्‍या’ उचलून शोधायच्या चौकटीत डकवा आणि त्याजागी ‘ऱ्या’ घाला. तेवढं एकदा केलं की निम्मी डोकेदुखी संपते. हे जोडचिन्ह कुणी गाळलं तर रफार येतो आणि अर्थच पालटतो, डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्राचा दर्या होतो.

आकड्यांचंही तसंच. कुणी ‘बहात्तर’ लिहिलं, कुणी ‘७२’, कुणी ‘१९७२’. आम्ही सगळीकडं ‘बहात्तर’ केलं, कारण बोलणारे तेच म्हणत होते.

बोलीचं काय करायचं, यावर आमच्यात बराच वाद झाला. ‘पानी’, ‘व्हतं’, ‘कामून’, ‘मपलं’, ‘लई’ हे सगळं शुद्ध करून टाकू असं काहींचं म्हणणं होतं. मला ते पटलं नाही आणि आजही पटत नाही. मोजणीच्या प्रतीत ‘पानी’चं ‘पाणी’ करायला हरकत नाही, नाहीतर पाण्याची मोजणी दोन जागी वाटली जाते. पण मूळ प्रतीत आजीचा शब्द आजीचाच राहिला पाहिजे आणि चित्रातही काही शब्द बोलीतलेच असले पाहिजेत. आमच्या पोस्टरवर ‘लेकरं’च आहे, ‘मुले’ नाही.

गाळायच्या शब्दांची यादी

आणि, व, पण, तर, की, हा, ही, हे, तो, ती, ते, त्या, या, मी, आम्ही, आहे, होता, होती, होतं, असं, तसं, मग, म्हणून, म्हणजे, काही, एक, आपण, वर, खाली, साठी, पासून. हे शब्द सगळीकडं येतात पण विषयाबद्दल काही सांगत नाहीत, म्हणून ते मोजणीतून गाळायचे. सुरुवातीला एवढी यादी पुरते. आपल्याकडच्या बोलण्यासाठी त्यात मंग, तव्हा, आन्, हाय, व्हतं, म्या हेही घाला. अभंग किंवा ओव्या असतील तर तें, कां, जैसें, तैसें असे जुने शब्द लागतील.

एक शब्द मात्र काढू नका: ‘नाही’. तयार याद्यांत नकारही बहुधा गाळायच्या शब्दांत धरलेला असतो. दुष्काळाच्या आठवणीतून ‘नाही’ काढला तर उरतं काय? ‘नव्हतं’, ‘नाय’, ‘न्हाई’ हे सगळं मोजणीच्या प्रतीत ‘नाही’वर आणलं तेव्हा आमच्या मजकुरात तोच सगळ्यात मोठा शब्द निघाला, पाण्याहूनही मोठा.

व्हॉयंट: जास्तीत जास्त वेळ इथं घालवा

व्हॉयंट टूल्स हे साधन स्टीफन सिंक्लेअर आणि जेफ्री रॉकवेल या दोन प्राध्यापकांनी बनवलं. त्याला ना नोंदणी लागते ना पैसे. साधन उघडलं की एक मोठी चौकट दिसते. तिच्यात मजकूर डकवा किंवा अपलोड करून फाइली द्या आणि ‘रिव्हील’ दाबा. आमच्यासारख्या बऱ्याच मुलाखती असतील तर प्रत्येकीची वेगळी फाइल द्या, पुढं फायदा होतो.

पडदा पाच भागांत उघडतो. डावीकडं वर ‘सिरस’ म्हणजे शब्दढग, मधे मजकूर, उजवीकडं ‘ट्रेंड्स’चा आलेख, खाली सारांश आणि संदर्भयादी. पहिल्यांदा सिरसच्या वरच्या पट्टीवर माउस न्या, तिथं लहान खुणा दिसतील. त्यातली पर्यायांची खूण दाबा, ‘स्टॉपवर्ड्स’ (गाळायचे शब्द) समोर ‘एडिट लिस्ट’ उघडा आणि आपली यादी डकवा. एका ओळीत एकच शब्द. सेव्ह करा आणि सगळ्या भागांना लागू करायची खूण तशीच राहू द्या. चित्र डोळ्यांदेखत बदलतं. आमचं ‘मंग’ गेलं आणि खालून ‘सुकडी’ वर आली, तेव्हा खोलीतली सगळी पोरं ओरडली.

आता ढगातल्या एखाद्या शब्दावर टिचकी मारा. ट्रेंड्समध्ये त्याची रेष उमटते. एकच फाइल असेल तर साधन मजकुराचे दहा सारखे भाग पाडून प्रत्येक भागात तो शब्द किती आला ते दाखवतं. अनेक फाइली असतील तर फाइलगणिक दाखवतं. वेगवेगळ्या वर्षांचा मजकूर असेल, समजा ग्रामसभेची इतिवृत्तं, तर फाइलींच्या नावात आधी वर्ष लिहा म्हणजे त्या क्रमानं लागतात. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, तेव्हाच्या इतिवृत्तांत ‘टँकर’ची रेष कशी चढते ते तुमच्या गावाच्या कागदांत नक्की बघा.

शोधायच्या चौकटीत ‘पाण्या*’ असं लिहिलं, म्हणजे शब्दाच्या शेवटी तारा ठेवला, तर पाण्याला, पाण्यात, पाण्यासाठी सगळे एकत्र मोजले जातात. फाइंड-रिप्लेसचा कंटाळा असेल त्यांच्यासाठी हे बरं. फक्त ‘पाण*’ इतकं आखूड करू नका, त्यात पाणंद आणि पाणलोटही येतात.

माझ्या मते व्हॉयंटचा खरा मोलाचा भाग आहे तो संदर्भयादीचा. निवडलेला शब्द मधोमध आणि त्याच्या डावी-उजवीकडं वाक्याचे तुकडे. ‘सुकडी’ची यादी काढल्यावर आम्हाला दिसलं की बाया सुकडी खाल्ल्याचं फारसं सांगतच नाहीत, लेकरांसाठी पदरात बांधून आणल्याचं सांगतात. ढगात नुसता ‘सुकडी’ हा शब्द मोठा होता, ही गोष्ट त्यात कुठंच नव्हती. म्हणून माझा आग्रह आहे की ढगातल्या प्रत्येक मोठ्या शब्दाची संदर्भयादी वाचल्याशिवाय तो शब्द पोस्टरवर चढवू नका.

एक खबरदारी घ्या. व्हॉयंटमध्ये टाकलेला मजकूर त्यांच्या सर्व्हरवर राहतो आणि ज्याच्याकडं दुवा आहे त्याला तो उघडता येतो. माणसांची नावं, जात, जमिनीचे वाद, घरगुती गोष्टी मोजणीच्या प्रतीतून आधीच काढा. म्हाताऱ्या माणसांनी आपल्या नातवावर विश्वास ठेवून सांगितलेलं असतं.

मराठीसाठी झाड उलटं लावा

शब्दांच्या झाडाची कल्पना मार्टिन वॉटनबर्ग आणि फर्नांडा व्हिएगस यांनी २००७ च्या सुमारास मांडली. एक शब्द मूळ म्हणून द्यायचा आणि मजकुरात त्याच्यापुढं जे जे येतं त्याच्या फांद्या फुटतात. जेसन डेव्हिस यांचं ऑनलाइन वर्ड ट्री यासाठी चांगलं आहे, मजकूर डकवून लगेच झाड दिसतं.

पण मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी असतं. ‘नाही’च्या पुढं काय येतं? पूर्णविराम. म्हणून झाड उलटं करायचा पर्याय निवडा म्हणजे फांद्या मुळाच्या आधीच्या बाजूला फुटतात. ‘नाही’ मूळ धरलं की मागून येतं: विहिरीत पाणी, बैलाला चारा, घरात दाणा, हाताला काम. ‘पाहिजे’ मूळ धरून ग्रामसभेचं इतिवृत्त टाका, गावाच्या मागण्यांची यादी एका नजरेत दिसते. प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर ठेवलं तर झाड स्वच्छ येतं. हे काम मोजणीच्या प्रतीवर नको, मूळ मजकुरावरच करा, नाहीतर फांद्यांवरची वाक्यं मोडकी दिसतात.

पोस्टरसाठी शब्दढग

व्हॉयंटचा ढग बघायला ठीक, पण पोस्टरसाठी वर्डक्लाउड्स किंवा वर्डआर्ट ही साधनं बरी. आकार, रंग आणि फॉन्ट तिथं हवे तसे निवडता येतात. मजकूर न देता शब्द आणि त्यासमोर आकडा अशी आपली यादीच द्या, म्हणजे पाखडलेलं पुन्हा बिघडत नाही. फॉन्टच्या यादीत देवनागरी नसेल तर गुगल फॉन्ट्सवरून मुक्ता किंवा बालू उतरवून घ्या. मराठी वळणाचे ल आणि श हवे असतील तर तिरो देवनागरी मराठी घ्या, फार देखणा आहे.

रंगाला अर्थ द्या. साधन आपल्या मनानं रंग टाकतं आणि बघणारा त्यात अर्थ शोधत बसतो. आम्ही खाण्याचे शब्द, म्हणजे सुकडी, मिलो, भाकर, तांबड्या रंगात घेतले, कामाचे शब्द, म्हणजे खडी, तलाव, हजेरी, मुकादम, काळ्या रंगात आणि पाण्याचे निळ्या. लांब शब्द सारखाच आकडा असूनही जास्त जागा खातो, हेही लक्षात ठेवा. आकड्यांची तुलनाच दाखवायची असेल तर ढग सोडा आणि गुगल शीट्समध्ये साधा आडव्या पट्ट्यांचा आलेख काढा. सभेत लोकांकडून जागच्या जागी शब्द घेऊन ढग दाखवायचा असेल तर मेंटिमीटर आहे, लोक आपापल्या मोबाइलवरून शब्द टाकतात.

शब्दांची यादी आणि चित्र दोन्ही आपल्या संगणकावर ठेवा. शब्दढग जगभर पोचवणारं जोनाथन फाइनबर्ग यांचं २००८ चं वर्डल ज्या जावा तंत्रावर चालायचं, त्याला ब्राउझरांनी थारा देणं थांबवलं आणि ते साधन निकामी झालं.

छापायला देताना

आमचं पहिलं फ्लेक्स वाया गेलं. दुकानदारानं फाइल आपल्याकडच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली आणि सगळ्या वेलांट्या अक्षराच्या पलीकडं जाऊन बसल्या. चूक आमचीही होती, आम्ही एसव्हीजी (रेषांच्या रूपात चित्र साठवणारी) फाइल दिली होती आणि त्यांच्या संगणकावर आमचा फॉन्ट नव्हता. एसव्हीजी द्यायची असेल तर इंकस्केप या फुकट चित्रसाधनात उघडून अक्षरांचे आकार करून घ्या, म्हणजे फॉन्टची गरज उरत नाही. नाहीतर फॉन्ट आत बांधलेली पीडीएफ किंवा मोठ्यात मोठी पीएनजी (साधी चित्रफाइल) द्या. तीन फूट रुंदीच्या फ्लेक्सला पीएनजी किमान ३,६०० पिक्सेल रुंद हवी, म्हणजे इंचाला शंभर पिक्सेल पडतात.

छपाई सुरू व्हायच्या आधी दुकानाच्या पडद्यावर चित्र मोठं करून बघा. र्‍या, द्य, क्ष आणि ऱ्ह असलेले शब्द शोधून एकेक वाचा. आमच्या दुसऱ्या फ्लेक्सवर ‘चाऱ्याला’ नीट उमटलंय, आणि खाली दोरीला एक वही बांधली आहे. तिच्यात प्रत्येक मोठ्या शब्दाखाली तो ज्या वाक्यांत आला ती वाक्यं, सांगणाराच्या बोलीत, जशीच्या तशी लिहिली आहेत.